दार लोटून विचारलेला प्रश्न

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटाची शनिवारची बैठक संपली होती. सतरंज्या गुंडाळून झाल्या, चहाचे कप विसळून झाले, बायका एकेक करून निघाल्या. एक जण मात्र मागे रेंगाळली. बासष्ट वर्षांची, नोकरीतून निवृत्त झालेली परिचारिका. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला, मुलगी नाशिकला. तिने आधी दार लोटून घेतलं, मग पर्समधून मोबाइल काढला आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "ताई, ह्यातलं कुठलं ॲप बरं? म्हणजे... ओळखी होतात ना, ती."

मी म्हटलं, "मला त्यातलं काही कळत नाही गं. भाचीला विचारून सांगते."

हे धादांत खोटं होतं. माझं वय चौसष्ट. घटस्फोटाला सव्वीस वर्षं झाली. त्या क्षणी माझ्या स्वतःच्या मोबाइलवर असंच एक ॲप होतं. बँक, वीजबिल, रेल्वे तिकीट या सगळ्यांच्या मागे, शेवटच्या पानावर लपवलेलं. चाळीस वर्षं मी या चळवळीत काढली. बाईच्या शरीरावर तिचा हक्क, अशा घोषणा देत मोर्च्यात चालले. रात्री दोन वाजता मार खाऊन आलेल्या बायकांना घेऊन पोलीस चौकीत बसले. आणि एका मैत्रिणीने साधा प्रश्न विचारला तेव्हा मी खोटं बोलले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, "कुठलं ॲप बरं?" या प्रश्नाचं उत्तर या लेखात आहे. पण ते देण्याआधी दाराबद्दल बोलायला हवं. तिने ते का लोटलं? आणि मी ते उघडलं का नाही? माझं म्हणणं असं आहे, की प्रौढ बाईला या ॲपवर जो धोका आहे त्यातला निम्मा समोरच्या माणसाकडून येतो आणि निम्मा या लोटलेल्या दारातून येतो. पहिल्याविषयी पोलीस आणि वर्तमानपत्रं सांगत असतात. दुसऱ्याविषयी आपल्यालाच बोलावं लागेल, कारण त्या दाराला आपलेही हात लागलेले आहेत.

थोडं मागे जाऊन पाहू. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. त्याच कायद्यात असंही म्हटलं होतं, की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपेल. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गोदूबाई तेव्हा तिशीच्या आतल्या होत्या. सुधारकांचं ऋण मोठंच आहे. पण त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती कोवळी विधवा, जिचं आयुष्य अजून पुढे होतं. पन्नाशीच्या, साठीच्या बाईला सोबत हवीशी वाटेल, हा विचार तिथे कुठे नव्हताच. तिच्यासाठी जपमाळ होती, नातवंडं होती, पापड-लोणची होती.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. विधवाविवाहाची बंदी ही वरच्या म्हणवणाऱ्या जातींची रीत होती. महाराष्ट्रातल्या अनेक बहुजन जातींत पाट लावण्याची, मोहोतराची चाल होतीच. पुढे 'आपणही वरचे' हे दाखवण्याच्या नादात कित्येक घरांनी ती सोडली आणि बाईला आवळणं म्हणजे प्रतिष्ठा, हा हिशेब पक्का झाला. त्याच हिशेबाने आज परिचारिका दार लोटते.

पुढे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं 'समाजस्वास्थ्य' चालवलं. स्त्रीलाही कामसुख हवं असतं आणि त्यावर तिचा हक्क आहे, हे त्यांनी खटले अंगावर घेऊन लिहिलं. आपण त्यांचं नाव भाषणात घेतो. पण आपल्या गटांच्या कामाकडे पाहा. हुंडा, मारहाण, बलात्कार, पोटगी, परित्यक्ता, दारूबंदी. हे सगळं करायलाच हवं होतं, आजही हवं आहे. त्यात बाईला वाईट नात्यातून बाहेर कसं काढायचं हे आपण शिकलो. बाहेर पडलेल्या बाईला पुढे वीस-तीस वर्षं जगायचं आहे आणि त्यात तिला कुणी जवळचं हवं असू शकतं, याबद्दल आपण गप्प राहिलो. 'एकटी बाई समर्थ आहे' हे आपण इतक्या जोरात म्हणालो, की एकटीला कधी एकटं वाटतं हे सांगणं म्हणजे चळवळीशी फितुरी झाली. मी स्वतः हे केलं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीने पंचावन्नाव्या वर्षी दुसरं लग्न केलं. तेव्हा "हिला आता काय सुचलं" असं म्हणून हसणाऱ्यांत मी होते.

आणि ही चार-दोन बायकांची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात विधवांची संख्या विधुरांच्या तिपटीहून जास्त होती. बायका जास्त जगतात, नवरे वयाने मोठे असतात, आणि बायको गेलेल्या पुरुषाचं लग्न लावायला सगळं गोत धावून येतं. "त्याच्या जेवणाखाण्याचं काय" हा प्रश्न सगळ्यांना पडतो. बाईच्या जेवणाखाण्याचा प्रश्न नसतो. ती तर स्वयंपाक करतेच.

मग सोबत शोधायला निघालेल्या बाईपुढे कोणते रस्ते आहेत? पहिला रस्ता विवाहमंडळांचा आणि विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांचा. तिथे नाव नोंदवलेल्या आमच्या दोघीतिघींचा अनुभव सारखाच आहे. साठीच्या पुरुषाच्या अपेक्षांच्या रकान्यात 'वय ४५ ते ५२, मनमिळाऊ, घर सांभाळणारी, जबाबदारी नसलेली' असं असतं. जबाबदारी म्हणजे तिची मुलं. त्याचा मधुमेह, त्याची नव्वदीची आई, यांना मात्र जबाबदारी म्हणत नाहीत. एकीला तर पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही इन्सुलिनचं इंजेक्शन देऊ शकता ना?" शिवाय तिथे जातीचा रकाना असतो, तो साठीतही सुटत नाही. २०१६ साली केंद्र सरकारने या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ही स्थळं केवळ विवाहासाठी आहेत, डेटिंगसाठी नाहीत, असं ठळक सांगायला लावलं. म्हणजे ज्या बाईला लग्न नको पण माणूस हवा आहे, तिची तिथे नोंदच नाही.

दुसरा रस्ता ज्येष्ठांच्या मंडळांचा. गुजरातेत नटुभाई पटेल यांच्या 'विना मूल्य अमूल्य सेवा' या संस्थेने ज्येष्ठांचे मेळावे भरवले. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ सुरू केलं. हे काम मोलाचं आहे. तिथे सगळं चारचौघांत होतं, माणसं एकमेकांना आधी सहलीत, गप्पांत पाहतात. पण ही मंडळं ठरावीक शहरांत आहेत, आणि ओळखीच्या शहरात चारचौघांत उभं राहण्याची हिंमत प्रत्येकीत असते असं नाही.

तिसरा रस्ता ॲपचा. इथे कुणाची परवानगी लागत नाही, मध्यस्थ नसतो, 'मुलीकडचे' आणि 'मुलाकडचे' नसतात. बाई स्वतःविषयी स्वतः लिहिते. मला हे महत्त्वाचं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारखीला "तुम्हाला काय हवं आहे?" असा प्रश्न कुणीतरी विचारला, आणि तो एका यंत्राने विचारला. मैत्री, गप्पा, लग्न, सहवास, की अजून ठरलेलं नाही? मी त्या रकान्यासमोर अर्धा तास बसून होते.

पण म्हणून ॲपला मुक्तिदाता समजायचं कारण नाही. हा धंदा आहे. टिंडर, हिंज, ओकेक्युपिड ही वेगवेगळी वाटणारी दुकानं एकाच अमेरिकन कंपनीची आहेत. या धंद्यात म्हाताऱ्या माणसाकडे कसं पाहतात याचं उदाहरण देते. टिंडरने २०१५ साली पैसे भरून घ्यायची एक सेवा काढली. अमेरिकेत तिशीच्या आतल्यांना ती महिन्याला सुमारे दहा डॉलरला आणि तिशीच्या पुढच्यांना वीस डॉलरला दिली. तरुणांच्या खिशात पैसे कमी असतात, अशी सबब होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१८ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने हा वयावरून केलेला भेदभाव आहे असं म्हटलं. तिशीलाच जिथे दुप्पट दाम, तिथे साठीची काय कथा!

दुसरं उदाहरण बंबलचं. टिंडरमधून बाहेर पडलेल्या व्हिटनी वुल्फ हर्ड यांनी ते २०१४ साली सुरू केलं. नियम असा, की स्त्री-पुरुषांची जोडी जुळली तर पहिला निरोप बाईनेच पाठवायचा. ती बोलेपर्यंत पुरुषाला बोलता येत नाही. २०१८ साली ते भारतात जोरात आलं तेव्हा बाईला पूर्ण नावाऐवजी आद्याक्षर दाखवण्याची सोय दिली. रस्त्यावर, लोकलमध्ये, कचेरीत नको असलेलं बोलणं ऐकत आलेल्या बाईला हा नियम केवढा मोकळा वाटतो! पुढे २०२४ साली कंपनीने त्यात बदल केला. बाईने एक प्रश्न आधीच लिहून ठेवायचा, पुरुषाने त्याला उत्तर द्यायचं, अशीही सोय झाली. कारण पहिलं बोलण्याचं ओझं काही बायकांना वाटू लागलं होतं. यातून मला एवढंच म्हणायचं आहे, की ॲपचे नियम कुणीतरी ठरवते आणि बदलते. ते नियम आपल्या बाजूचे आहेत का, हे वाचून घेणं आपलं काम. आणि लग्न झालेल्यांसाठी म्हणूनच चालणारीही ॲप आहेत. ग्लीडन हे त्यातलं एक, २०१७ पासून भारतात आहे. नीतीचा निवाडा मी करत नाही. पण आपण कुठल्या दारात उभ्या आहोत हे माहीत असलेलं बरं.

आता जे सांगायचं आहे ते जड आहे. त्या परिचारिकेला मी "भाचीला विचारून सांगते" म्हटलं आणि विसरल्याचं सोंग केलं. तिने स्वतःच एक ॲप निवडलं. सात महिन्यांनी ती माझ्या घरी आली आणि रडली. परदेशात जहाजावर इंजिनिअर असल्याचं सांगणारा, बायको वारलेला, मराठी मोडकं बोलणारा एक माणूस तिला तिथे भेटला होता. रोज सकाळी "औषध घेतलं का?" असा निरोप यायचा. अकरा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मग तिच्यासाठी भेटवस्तू निघाली, ती कस्टमला अडकली, सोडवायला पैसे लागले, मग दंड, मग कर. तीन हप्त्यांत सव्वातीन लाख रुपये गेले. ग्रॅच्युइटीतले.

मी विचारलं, "अगं, पहिले पैसे मागितले तेव्हाच का नाही आलीस?" ती म्हणाली, "पैशाचं दुःख आहेच, ताई. पण मी ह्या वयात असं काही शोधत होते हे तुम्हाला कळलं असतं. तुम्ही सगळ्या हसला असता."

पैसे गेल्यावर लगेच १९३० या क्रमांकावर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवून घेता येण्याची शक्यता असते. तासातासाला ती कमी होत जाते. तिने सात महिने घालवले. चोर कुठे होता कुणास ठाऊक, पण ते सात महिने आमच्या हसण्याच्या भीतीने खाल्ले. आणि अशा भामट्याला नेमकी हीच बाई हवी असते. पैसा असलेली नव्हे, तर कुणाला सांगू न शकणारी.

म्हणून आता मी त्या प्रश्नाचं उत्तर देते. कुठलं ॲप बरं? जे वापरतो आहोत हे आपण निदान दोन मैत्रिणींना सांगू शकतो, ते. ही पहिली कसोटी. बाकीच्या कसोट्या तिच्या मागून येतात, आणि त्या मी स्वतः ठेचा खाऊन शिकले आहे.

ॲप उतरवून घेण्याआधी कागदावर लिहा, काय हवं आहे. आठवड्यातून एकदा नाटकाला जायला कुणी हवं आहे? एका छताखाली राहायचं आहे? शरीराची जवळीक हवी आहे? की लग्न? यातलं काहीही लाजिरवाणं नाही, पण चारही गोष्टींची दुकानं वेगळी आहेत. मग पाहा, त्या ॲपवर आपल्या वयाची माणसं आहेत का. वयाची मर्यादा पंचावन्न ते सत्तर अशी घालून बघा. ठाण्यासारख्या शहरात चार जणच दिसले तर पैसे भरू नका. फोटोची, ओळखीची पडताळणी ॲप करतं का? नको असलेल्या माणसाला बंद करणं, त्याची तक्रार करणं एका बोटाने जमतं का? आपला फोन नंबर न देता तिथल्या तिथे बोलता, एकमेकांना पाहता येतं का? आपली माहिती कायमची पुसायची सोय आहे का? आणि एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. मोबाइलवरून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. ती वेगळी रद्द करावी लागते. मी पाच महिने भरत होते.

वय खरं लिहा. सगळे सांगतात पाच वर्षं कमी कर. पण ज्या नात्याची पहिलीच ओळ खोटी, तिथे आपण पुन्हा पोट आत ओढून बसणार. आयुष्यभर तेच केलं. घराचा पत्ता, सोसायटीचं नाव, नातवंडांचे फोटो देऊ नका. आधारकार्डाचा फोटो तर मुळीच नाही. भेटण्याआधी एकदा समोरासमोर दिसेल असं फोनवर बोला. पहिली भेट दिवसा, माणसांत. आमच्याकडे तलावपाळी आहे, तुमच्याकडे असंच काही असेल. जाणं-येणं आपलं आपण करायचं आणि कुठे, कुणाला, किती वाजता भेटतो आहोत हे मैत्रिणीला लिहून ठेवायचं. पैसे मागितले, कारण कितीही करुण असो, की नातं तिथेच संपलं. जवळीक होणार असेल तर निरोध लागतोच. दिवस राहण्याची भीती गेली, संसर्गाची गेलेली नाही. पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे त्रास होतो, त्यावर उपाय आहेत, डॉक्टरांना विचारायला लाजू नका. आणि आपले नको ते फोटो कुणी काढले, पसरवले, धमकी दिली, तर लाज त्याची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई अशाच गुन्ह्यासाठी आहे.

कायद्याचं थोडं बोलू, कारण मुलांचा विरोध बहुधा इथे अडलेला असतो. "लोक काय म्हणतील" हे ओठांवर आणि फ्लॅट पोटात. १८५६ च्या कायद्यातली ती अट आज नाही. हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या पश्चात बाईला मिळालेला हिस्सा पुढे तिने लग्न केलं तरी तिचाच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीही सांगितलं आहे. पण पेन्शनचं तसं नाही. केंद्र सरकारच्या नियमांत, मूल नसलेली विधवा वगळता, पुनर्विवाह केला की तिचं कुटुंब निवृत्तिवेतन थांबतं. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतलंही विधवेचं पेन्शन पुनर्विवाहाने थांबतं. घटस्फोटितेची पोटगीही पुन्हा लग्न झालं की संपते. म्हणजे सरकारही बाईला हेच सांगतं, की आता दुसरा पोसणारा मिळाला, आमचं काम संपलं. कित्येक जणी लग्नाऐवजी नुसतं सोबत राहणं निवडतात त्यामागे हे गणित असतं. असं राहणं गुन्हा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहासारख्या' नात्यातल्या बाईलाही संरक्षण आहे. पण सोबत राहणारा जोडीदार आपोआप वारस होत नाही. आणि हिंदू बाईने लग्न केलं पण मृत्युपत्र केलं नाही, तर तिच्या स्वतःच्या कमाईत मुलांच्या बरोबरीने नवराही वारस होतो. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच आहे, मृत्युपत्र करा. ते केलं की मुलांचा निम्मा राग शांत होतो, हा अनुभव आहे. आणि मुलांच्या आग्रहाने जिवंतपणी घर त्यांच्या नावावर करून देऊ नका.

हे सगळं वाचून काही मैत्रिणी म्हणतील, हे शहरातल्या, पेन्शन असलेल्या बायकांचे चोचले आहेत. मला तसं वाटत नाही. आमच्या वस्तीतल्या गटात घरकाम करणारी सत्तावन्न वर्षांची बाई आहे. नातवाने दिलेल्या मोबाइलवर तिचे रात्री उशिरापर्यंत एकाशी निरोप चालतात. तिच्याकडे सव्वातीन लाख नाहीत, पण सोन्याचे मणी आहेत आणि खोली तिच्या नावावर आहे. धोका तिलाही तेवढाच आहे, आणि हौसही. दुसऱ्या काही म्हणतील, आपण बाजाराला विरोध करायचा की त्यात शिरायचं? बाजाराची टीका मी वर केलीच आहे. पण लग्न जुळवण्याचा जुना बाजार जातीचा, हुंड्याचा आणि नात्यागोत्याचा होता. त्यात साठीच्या बाईला स्वतःच्या तोंडाने बोलायचीच मुभा नव्हती. नव्या बाजारात ती आहे, तर आपण डोळे उघडे ठेवून, हिशेब मांडून जाऊ.

आणि तिसरी गोष्ट, जी मी स्वतःही हा लेख लिहिताना अर्ध्यावर आल्यावर ध्यानात घेतली. आतापर्यंत मी 'माणूस', 'पुरुष' असंच लिहीत आले. आपल्यातल्या काही जणींना बाईचीच सोबत हवी आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे गेलेल्या होत्या. त्यांच्या दाराला तर दोन कड्या आहेत. २०२३ साली त्याच न्यायालयाने त्यांना विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला. त्यांच्यासाठी ॲप हा बऱ्याचदा एकमेव रस्ता आहे. गटाने त्यांना आधी विचारायला हवं.

मग गटांनी करायचं काय? फार मोठं काही नाही. तीन महिन्यांतून एक बैठक या विषयावर ठेवा, पन्नाशीच्या पुढच्या बायकांची. नियम एकच, हसायचं नाही आणि उपदेश करायचा नाही. मोबाइल घेऊन बसा, तरुण कार्यकर्त्यांकडून शिकून घ्या. कुठलं ॲप कसं वागतं, किती पैसे घेतं, तक्रारीला उत्तर देतं का, हे अनुभव वहीत लिहून ठेवा. जशी आपण एके काळी वकिलांची आणि दवाखान्यांची वही ठेवत होतो, तशी. भेटायला जाणाऱ्या बाईने कुणाला कळवायचं, त्या दोघींची नावं ठरवून ठेवा. फसवणूक झालीच तर त्याच दिवशी तिच्याबरोबर पोलिसांकडे जा. आणि पुनर्विवाहाने पेन्शन थांबवणारे नियम बदलावेत ही मागणी आपल्या मागण्यांच्या यादीत घाला. ती अजून नाही.

माझ्यापासून सुरुवात केली. या संक्रांतीच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं, की माझ्या मोबाइलवर असं ॲप आहे आणि सहा महिन्यांत मी तिघांना भेटले. पहिला दोन तास स्वतःविषयीच बोलला. दुसऱ्याची बायको जिवंत होती. तिसऱ्याशी अजून बोलते आहे. क्षणभर शांतता झाली. मग परिचारिका उभी राहिली आणि तिने सव्वातीन लाखांची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. चहा थंड झाला, आठ वाजून गेले, आणि एकूण पाच जणींनी मोबाइल बाहेर काढले. त्यातल्या एकीला मी तीस वर्षं ओळखते.

दार उघडंच होतं. जिन्यावरून कुणी जात असेल तर त्याने ऐकलंही असेल.

तुमच्या गटात हा विषय निघाला असेल, किंवा निघता निघता राहिला असेल, तर लिहून कळवा. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका. पण एखाद्या मैत्रिणीला तरी सांगा.